मूठभर नमुना

शहापूरच्या भागात धान भरडताना जाणता माणूस मूठभर तांदूळ तळहातावर पसरून कणीचे प्रमाण ताडतो. अशा अल्प नमुन्यावर कितपत विसंबावे, या विवंचनेतून डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्याचे विल्यम गॉसेट १९०६ साली लंडनला कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले, आणि १९०८ मध्ये त्यांचा निबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावाने निघाला, कारण स्वनामे लिहिण्यास कारखान्याची मुभा नव्हती. उद्योग आणि संशोधन यांची अशीच सांगड घालणाऱ्या पंतप्रधान डॉक्टरेट शिष्यवृत्तीची रचनाच निम्मी रक्कम शासनाने व निम्मी उद्योगाने द्यावी अशी. विदाशास्त्राच्या संशोधकास ती उपकारकच, कारण खरी विदा कंपन्यांच्याच दप्तरी असते. तथापि प्रबंध स्वनामे प्रसिद्ध करण्याचा हक्क करारनाम्यात आरंभीच नमूद व्हावा, हा आमचा आग्रह आहे.