काचेआड टाचले म्हणजे उघड केले?

शेतकरी बंधूंनो, रापणकार नि पागी बांधवांनो,

पंचायतीच्या फलकावर, कुलूपबंद काचेआड, इंग्रजी कागद टाचायचा आणि मुदत टळली की म्हणायचे, "आम्ही उघड केलेच होते, तुम्हीच आला नाहीत!" ही लबाडी आता पुरे. 'झाकणे'च्या उलट 'उघडणे', हे तिसरीतले पोरही सांगते. ते साहेबांना कळू नये? ज्याच्या शेतावर वा होडीवर गदा यायची, त्याला, त्याच्या भाषेत आणि निर्णय होण्याअगोदर कळले, तरच ते उघड करणे. बाकी सारे झाकणेच. झाकण तेवढे कायद्याचे!

2006 साली गोव्याचा 'प्रादेशिक आराखडा 2011' अधिसूचित झाला. लोकांनी नकाशे मिळवून पाहिले, तो शेते, डोंगर, किनारे यांवर वस्तीचा रंग चढलेला! रान पेटले आणि 2007 मध्ये सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. तो नकाशा कपाटातच राहिला असता, तर आपल्या एक-चौदाच्या उताऱ्याला कोण विचारणार होते?

राजस्थानच्या मजुरांनी हे पुरते ओळखले. 1994 साली कोट किराणा गावी भर सभेत त्यांनी सरकारी कामांची हजेरीपत्रके मोठ्याने वाचून घेतली. कामावर कधी न गेलेल्यांच्या, एवढेच काय, मेलेल्यांच्याही नावे मजुरी उचललेली! ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी ती चोरी कानांनी पकडली. पुढे 1996 साली ब्यावरला 40 दिवस धरणे धरले. त्या रेट्यातूनच 2005 चा माहिती अधिकार कायदा आला. गोव्याने तर आपला कायदा 1997 सालीच केला होता. कागदावर आपण नेहमीच पुढे!

2005 च्या कायद्याचे कलम 4 कोणाकडून तरी वाचून घ्या. अनुदान कोणाला किती, सवलती-परवाने कोणाला, हे सरकारने कोणी न मागता, आपण होऊन प्रसिद्ध करायचे आहे. तेही स्थानिक भाषेचा विचार करून. मग होडीच्या इंजिनाच्या अनुदानाची यादी तुम्ही मराठी-कोंकणीत कोणत्या जेटीवर पाहिलीत? नसेल, तर 10 रुपयांचा अर्ज टाका. उत्तराला 30 दिवस; विनाकारण टाळणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

"म्हणजे मास्तर, सगळेच उघडे करायचे?" छे! रोग्याचा आजार, तक्रार करणाऱ्याचे नाव झाकलेलेच बरे. तळेगाव दाभाडेला जमिनींचे घोटाळे बाहेर काढणाऱ्या सतीश शेट्टींचा जानेवारी 2010 मध्ये खून झाला, हे विसरू नका. पण दुबळ्याला आडोसा देणे निराळे आणि सरकारी पैसा खाणाऱ्याला देणे निराळे. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मात्र माहिती अधिकारातले 'वैयक्तिक' माहितीचे पोटकलम सैल केले आहे. जनहितासाठी अशी माहिती देण्याची त्यातली अट गळाली. उद्या अनुदानाची यादीही 'वैयक्तिक' ठरवतील! कलम 8(2) मधली जनहिताची तरतूद अजून शाबूत आहे. अर्जात तिचा उल्लेख करा.

आमच्या देवळात महाजनांपुढे पै-पैचा हिशेब वाचतात. देवालाही त्यातून सूट नाही. येत्या ग्रामसभेत कामांची बिले, आणि कूळ संघाच्या सभेत मानशीच्या लिलावाचा जमाखर्च, मोठ्याने वाचायला सांगा. सचिव म्हणेल, "फाईल कचेरीत आहे, सवडीने येऊन बघा." तो फाईल आणीपर्यंत खाली बसू नका.