धरलेला मासा सोडा, आणलेला सोडू नका



गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला आमच्या बांधाला दोन गाड्या येऊन थांबल्या. गळाने मासे धरणारा शहरातला क्लब, सात जण. उजनीच्या फुगवट्याला आमचं रान टेकलेलं आहे, पाण्याकडं जायची वाट आमच्याच उसातून. मी मोटार चालू करायला निघालो होतो. पोरं अदबीनं बोलली, "काका, नऊपर्यंत बसू का?" म्हटलं, बसा, कचरा तेवढा परत न्या.

त्यांचं काम बघत बसलो. कणकेच्या गोळीवर चार-पाच चिलाप्या निघाल्या. मग एकानं रबरी बेडूक लावून गवताच्या कडेनं गळ ओढला आणि किलोभराची मरळ लागली. ओल्या हातानं धरली, फोटो काढला, परत पाण्यात सोडली. मला बरं वाटलं. खरं सांगतो, आमच्यातले काही जण बारीक जाळ्यानं बोटाएवढी पिल्लंसुद्धा उपसतात. त्यापेक्षा ही पोरं शहाणी.

बिघडलं ते चहाच्या वेळी. एकानं मोबाईलवर अमेरिकेतल्या धरणाचा व्हिडिओ दाखवला. सूर्य उगवायच्या आत क्लबच्या होड्या पाण्यात, 'बास' नावाचा मासा धरायचा, वजन करायचं, सोडून द्यायचा. मग म्हणतो, "काका, हा मासा उजनीत सोडला तर देशभरातून लोक येतील. तुमच्या पोरांना होडीचा धंदा मिळेल." दुसरा म्हणाला, "बीज कुठं मिळतं ते बघतोय."

तिथं माझं डोकं फिरलं. पाहुण्यांपुढं जे नीट मांडता आलं नाही, ते इथं मांडतो.

पहिली गोष्ट, बास वाईट मासा नाही. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात तो मूळचाच आहे. तिथं त्याला खाणारे आहेत, तो ज्यांना खातो तेही त्याच्या सवयीचे आहेत. त्यांनी त्यांच्या पाण्यात तो खुशाल धरावा. प्रश्न तो दुसरीकडं नेला की सुरू होतो.

जपानमध्ये १९२५ साली हौसेखातर आशी नावाच्या तळ्यात बास सोडला. पुढं लोकांनीच तो तळ्यातळ्यांत पसरवला. तिथले लहान मासे, झिंगे त्यानं खाल्ले. शेवटी २००५ साली कायदा करून त्याला पाळायला, न्यायला आणि सोडायला बंदी घालावी लागली. ऐंशी वर्षांनी! बासचाच भाऊबंद ब्लूगिल. तो १९६० साली अमेरिकेतून भेट म्हणून राजपुत्र अकिहितो यांनी नेला होता. सम्राट झाल्यावर २००७ साली त्यांनी जाहीरपणे त्याची खंत बोलून दाखवली. राजानं चूक कबूल केली, पण मासा काही परत गेला नाही.

ग्वाटेमालात आतितलान नावाचं तळं आहे. तिथं १९५८ च्या सुमाराला बास सोडला तो पर्यटन वाढावं म्हणूनच. त्या तळ्यात एक पाणबुडी पक्षी होता, जगात दुसरीकडं कुठंही नव्हता. त्याचं खाद्य बासनं संपवलं. पक्षी नाहीसा व्हायला बाकीची कारणंही होती, पण बास हे मोठं कारण. आपल्याकडं भिगवणला लोक रोहित पक्षी बघायला येतात, त्यावर नावाडी पोरांची चूल पेटते. धंद्यासाठी मासा आणणाऱ्यांनी आधी चालू धंदा बघावा.

आणि लांब कशाला? चिलापी मूळची आफ्रिकेची. १९५२ साली भारतात आणली, लवकर वाढतो, गरिबाला मासा मिळेल म्हणून. हेतू चांगलाच होता. आज त्या चिलापीवर इथं कितीतरी घरं चालतात, हेही मान्य. पण माझ्या लहानपणी भीमेत वाम, शिंगटा, मरळ जशी सहज मिळायची तशी आता मिळत नाही. सगळा दोष चिलापीचा नाही. धरण झालं, पाणी घाण झालं, जाळी बारीक झाली. पण जी जागा गेली ती गेली.

कुणी म्हणेल, कटला-रोहू तरी कुठं भीमेचे, तेही गंगेकडचे. बरोबर. पण साठलेल्या पाण्यात त्यांची वीण नीट होत नाही, म्हणून दरवर्षी बीज सोडावं लागतं. चुकलं तर थांबता येतं. बास उथळ पाण्यात घरटं करतो, नर अंड्यांवर आणि पिल्लांवर राखण बसतो. तो एकदा रुळला की तुमच्या परवानगीची वाट बघत नाही. कुणी म्हणेल, आपल्या उन्हात तो जगणारच नाही. मग सोडायचा कशाला?

शेतकऱ्याला हे समजायला पुस्तक लागत नाही. गाजर गवत बघा. जलपर्णी बघा. २०१८ साली मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली, तेव्हापासून फवारणीचा खर्च कुणाच्या खिशातून जातो? आणणारा निघून जातो, निस्तरणारा बांधावरच असतो.

आता आपल्या लोकांना दोन शब्द, कारण नुसतं शहरावर बोट दाखवणं सोपं आहे. आफ्रिकन मांगूर पाळायला २००० सालापासून बंदी आहे, तरी चोरून पाळतात. अतिवृष्टीत शेततळं सांडलं की मासा ओढ्यात, ओढ्यातून नदीत, नदीतून धरणात. मग आपण आणि ती पोरं यात फरक काय? शेततळ्यात मासे असतील तर सांडव्याला बारीक जाळी लावा. बीज कुठल्या जातीचं आहे ते खात्री करून घ्या. नको झालेला मासा ओढ्यात टाकू नका, फिशटँकमधला तर अजिबात नाही. कृषी आणि मत्स्य खात्यातल्या साहेबांना विनंती, शेततळ्याच्या प्रशिक्षणात अस्तराच्या कागदावर तासभर बोलता, त्यातली दहा मिनिटं यावर बोला.

या धरणात माझ्या वडिलांची नऊ एकर गेली. तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही. आता पाण्यात काय सोडायचं हे तरी काठावरच्यांना, मच्छीमारांना विचारल्याशिवाय ठरू नये.

पोरं पुढच्या महिन्यात परत येणार आहेत. वाट उघडी ठेवीन, चहाही देईन. गळ घेऊन खुशाल या. पिल्लांची बादली गाडीत दिसली, तर मात्र गाडी उसाच्या अलीकडूनच माघारी वळेल.