तार दिसत नाही, जबाबदारीही दिसत नाही

बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने उडतात आणि नीरा डाव्या कालव्याच्या बागायतीवरून, इंदापूरच्या माळावरून, उजनीच्या जलाशयावरून फिरून परत येतात. ज्या मुलुखावरून ती फिरतात, त्याच मुलुखावर गेल्या साठ वर्षांत विजेच्या तारांचे जाळे विणले गेले. साखर कारखाने आले, उपसा सिंचन आले, औद्योगिक वसाहत आली आणि त्यांच्यामागोमाग मनोरे व खांब आले. या विजेने शेतकऱ्याच्या घरात उजेड आणला, हे कोणी नाकारणार नाही. आमचा आक्षेप तारेला नाही. ती आकाशातून दिसावी एवढी साधी तजवीजही केली जात नाही, याला आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदापूर तालुक्यातील रुई येथे, २५ जुलै २०२२ रोजी त्याच तालुक्यातील कडबनवाडी येथे, १९ ऑक्टोबर २०२३ रोजी बारामतीजवळ कटफळ येथे आणि अवघ्या तीन दिवसांनी गोजुबावी येथे प्रशिक्षणाची विमाने कोसळली. या चारही अपघातांत जीवितहानी झाली नाही. हे अपघात तारांमुळे झाले, असे माझे म्हणणे नाही. विमाने धावपट्टी सोडून शेतात आणि माळावर उतरतात, हे मात्र त्यांनी चार वेळा सिद्ध केले आहे. आणि शेताकडे उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत तार असते.

इंजिन बंद पडलेले छोटे विमान तीनशे मीटर उंचीवरून जेमतेम दीड मिनिट तरंगते. तेवढ्या वेळात वैमानिकाला मोकळी जागा हेरायची असते. त्याला मनोरा दिसतो, पण दोन मनोऱ्यांमधली करडी तार जमिनीच्या रंगात विरून जाते. सर्वांत वरची, विजेपासून संरक्षण देणारी तार तर सर्वांत बारीक असते. ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने तरंगणारे विमान सेकंदाला तीस मीटर पुढे सरकते. शंभर मीटरवर तार दिसली, तर हाती उरतात तीन सेकंद.

यावर उपाय माहीत नाही, असे नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांत नदी, दरी किंवा महामार्ग ओलांडणाऱ्या तारा अभ्यासान्ती धोकादायक ठरल्यास त्यांवर किमान ६० सेंटिमीटर व्यासाचे रंगीत गोळे बसवावेत, असे म्हटले आहे. हे गोळे हवेतून किमान १००० मीटरवरून ओळखू यावेत, अशी अपेक्षा आहे. म्हणजे तीन सेकंदांचे तीस सेकंद होतात. तारेवर खूण लावणे आपल्याकडे अशक्य आहे, असेही नाही. एप्रिल २०२१ मध्ये माळढोक पक्षी वाचावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान व गुजरातमधील तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा खुणा लावण्याचा आदेश दिला होता. तो योग्यच होता. पण माळावर उतरू पाहणाऱ्या माणसालाही खूण मिळावी, यासाठी कोणी न्यायालयात जाईपर्यंत शासनाने स्वस्थ बसायचे काय?

खरी मेख 'अभ्यासान्ती' या शब्दात आहे. हा अभ्यास करायचा कोणी? राज्य विद्युत मंडळ २००५ साली मोडून त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. मनोरा एकीचा, खांब दुसरीचा. वैमानिकांच्या प्रशिक्षणावर देखरेख दिल्लीतील महासंचालनालयाची. बारामतीची धावपट्टी तर २००९ साली राज्यातील इतर चार धावपट्ट्यांसह खासगी कंपनीकडे सोपवण्यात आली आणि २०२५ साली पुन्हा शासकीय कंपनीकडे आली. तारेला मालक आहे, विमानाला मालक आहे, धावपट्टीला मालक आहे. पण तार आणि विमान जेथे एकमेकांना भेटतात, त्या जागेला मालक नाही.

अर्थशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. ज्याच्या कामातून धोका निर्माण होतो, त्याने तो टाळण्याचा खर्च सोसला नाही, तर तो खर्च नाहीसा होत नाही. तो दुबळ्याच्या माथी बसतो. गोळ्यांचे पैसे वाचल्याने ताळेबंद सुधारतो. त्या बचतीची किंमत ताळेबंदात नाव नसलेला माणूस मोजतो.

काही साथी म्हणतील, विमान ही श्रीमंतांची चैन, तिची चिंता आपण का वाहावी? हा युक्तिवाद मला मान्य नाही. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. तो भागवण्यासाठी घर गहाण टाकणारे आईबाप श्रीमंत नसतात. शिवाय विमानाने तोडलेली तार खुरपणी करणाऱ्या बाईच्या अंगावर पडते. ज्या अनास्थेमुळे वरच्या तारेला गोळा बसत नाही, त्याच अनास्थेमुळे खालची तार लोंबकळत राहते, तिच्या ठिणगीने उभा ऊस पेटतो आणि तिच्या स्पर्शाने बैल मरतो. हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे.

आणि सत्तेची कवचे तरी कोठे उपयोगी पडतात? २५ मे २०१७ रोजी निलंगा येथे खुद्द मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर विजेच्या तारांत अडकून कोसळले. सारे बचावले, हे सुदैव. पण जिल्हा प्रशासन दिमतीला असलेल्या उड्डाणाची ही गत, तर एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्याची काय कथा!

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. बारामती व इंदापूर तालुक्यांतील नदी, कालवा, जलाशय व माळ ओलांडणाऱ्या सर्व तारांची पाहणी करून नकाशा प्रसिद्ध करावा. तो प्रशिक्षण संस्थांत आणि ग्रामपंचायतींतही लावावा. धोक्याच्या तारांवर गोळे बसवावेत. त्यांचा खर्च वीज कंपन्यांनी व धावपट्टी वापरणाऱ्या संस्थांनी उचलावा, शेतकऱ्याच्या वीजबिलात तो घालू नये. लोंबकळणाऱ्या तारा त्याच पाहणीत ताणून घ्याव्यात. आणि या साऱ्याचे उत्तरदायित्व एकाच अधिकाऱ्यावर असावे. २००५ च्या कायद्याने जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष आहेत; आपत्ती येण्यापूर्वी ती टाळणे हेही त्यांचेच काम आहे.

कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा. आपल्या शिवारातून कोणती तार कोठून जाते, हे गावाइतके कोणालाच ठाऊक नसते. ती यादी गावानेच करून जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती द्यावी आणि पोच घ्यावी. मग 'आम्हांस कल्पना नव्हती' असे म्हणण्याची सोय कोणालाही उरणार नाही.