आईच्या नावाची वाइन

रायपूरला ब्राह्मणपाऱ्यात मावशीकडे गेले असता ‘सुला’ वाइनचा विषय निघाला. हे नाव मालकाच्या आईचं, सुलभाताईंचं, असं सांगताच मावशी चमकली. “अगंबाई! दारूला आईचं नाव?”

मग तिला हकिगत सांगितली. परदेशातली नोकरी सोडून राजीव सामंत नाशिकला आले. गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत त्यांनी आधी आंबा, गुलाब, खायची द्राक्षं लावून पाहिली. १९९७ मध्ये वाइनची द्राक्षं लावली. ती लहान, बियांची, जाड सालीची. २००० मध्ये पहिली वाइन आली. २०२२ मध्ये कंपनी शेअरबाजारात उतरली.

मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आपण काही प्यायचो नाही. पण मुलानं घरची जमीन कसली, हे बरं केलं हो!”