एका पंखाचा वैद्य

पावसाळ्यातील एका पहाटे ग्रामीण भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एका शेतमजुराला आणले जाते. रात्री तो घरात जमिनीवर झोपला होता. पोटात कळा येत आहेत, गिळता येत नाही, पापण्या जड होऊन मिटू लागल्या आहेत. अंगावर दंशाची ठळक खूण नाही, सूजही नाही. मण्यारीच्या विषाचे वर्तन ज्याला ठाऊक आहे, त्याला संशय घेण्यास एवढी लक्षणे पुरेशी आहेत. ज्याला ठाऊक नाही, तो पोटदुखीचे औषध देऊन रुग्णाची बोळवण करील. या दोन निर्णयांमध्ये एका कुटुंबाचे भवितव्य सामावलेले असते.

हे ज्ञान काही दुर्मीळ नव्हे. वैद्यकीय अभ्यासक्रमात ते आहे आणि प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना ते मुखोद्गत असते. मण्यारीचे विष चेतातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर नेमके कोठे आघात करते, या प्रश्नाचे अचूक उत्तर ते काही सेकंदांत निवडतात. मात्र चार पर्यायांतून उत्तर ओळखणे आणि एकही पर्याय समोर नसताना रोग ओळखणे, या सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत.

पदव्युत्तर प्रवेशाच्या 'नीट-पीजी' परीक्षेत २०० बहुपर्यायी प्रश्न साडेतीन तासांत सोडवावे लागतात. त्या गुणांवर पुढील आयुष्याची दिशा ठरते. साहजिकच, रुग्णाच्या खाटेजवळ शिकण्यासाठी असलेले आंतरवासितेचे वर्ष अनेकांच्या बाबतीत शिकवणी वर्गांच्या प्रश्नपेढ्यांत खर्ची पडते. यासाठी विद्यार्थ्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. ज्या गोष्टीला गुण मिळतात, तिचीच तयारी विद्यार्थी करणार. दोष आहे तो गुण कशाला द्यायचे हे ठरविणाऱ्या व्यवस्थेचा.

घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असेल तर रक्त गोठण्याची एक साधी चाचणी करतात. सुमारे २ मिलिलिटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या परीक्षानळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करून पाहायचे. रक्त पातळच राहिले तर विषाने रक्तावर परिणाम केला आहे, असे समजावे. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. परंतु नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर निष्कर्ष फसवा येऊ शकतो. हे ज्याने स्वतःच्या हाताने केले आहे, तोच लक्षात ठेवतो. बालकालाही प्रौढाइतकेच प्रतिविष द्यावे लागते, कारण सापाने सोडलेले विष बालकाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. हे वाक्य पाठ असणे निराळे आणि घाबरलेल्या आईबापांसमोर ती मात्रा निर्धाराने देणे निराळे.

हा विषय किरकोळ नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. त्यांत बहुतांश खेड्यांतील कष्टकरी होते. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा संकल्प केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती योजनेद्वारे जाहीर केला. पण योजना कागदावरून खाटेपर्यंत नेणारा शेवटचा दुवा म्हणजे नुकताच पदवी घेतलेला तो तरुण डॉक्टरच होय.

तो दुवा किती समर्थ ठरू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. महाड परिसरात रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्या रुग्णांचे रात्रंदिवस निरीक्षण केले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यांनी या दंशावर वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. २०२२ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. हे ज्ञान कोणत्याही प्रश्नपेढीत नव्हते. ते कोकणातल्या रुग्णांच्या उशाशी बसून मिळविलेले होते.

लाखो परीक्षार्थींची निःपक्षपाती निवड करण्यासाठी बहुपर्यायी परीक्षा सोयीची आहे, हा युक्तिवाद खोटा नाही. ती रद्द करा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु आंतरवासितेतील प्रत्यक्ष कौशल्यांची कसून तपासणी व्हावी आणि त्या गुणांना निवडीत स्थान मिळावे, ही मागणी अवाजवी नाही. ज्या मातीत सेवा करायची, तेथील रोग, विष आणि भाषा यांची ओळख हीच परीक्षेची पहिली पायरी असली पाहिजे.

केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा, या दोन्ही वैद्यांना सुश्रुताने एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. आजच्या परीक्षा एक पंख मोठ्या निगुतीने वाढवीत आहेत. दुसऱ्या पंखाचे बळ मात्र पहाटे आरोग्य केंद्रात आणलेला तो शेतमजूर तपासतो, आणि त्याच्या परीक्षेला फेरपरीक्षा नसते.