कमोडोर ६४ : एका यंत्राची पाठपरंपरा

साहित्याच्या अभ्यासकांनी एका जुन्या संगणकाविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु पाठ कसा टिकतो, तो कोण टिकवते आणि टिकवताना त्याचे काय होते, हे प्रश्न आपल्या विषयाच्या गाभ्याचे आहेत. या प्रश्नांची काही फार चांगली उत्तरे आम्हांला विद्यापीठांबाहेर सापडली. कमोडोर ६४ या बंद पडलेल्या घरगुती संगणकाभोवती गेली कित्येक दशके जमलेली हौशी मंडळी जे करीत आहेत, ते पाठसंशोधनच आहे. आणि मराठीच्या अध्यापकांनी त्यापासून शिकावे, असे आमचे मत आहे.

कमोडोर या अमेरिकी कंपनीने १९८२ साली हे यंत्र ५९५ डॉलर किमतीला बाजारात आणले. सगळा संगणक कळफलकाच्या पेटीतच बसवलेला होता. ती पेटी घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडली की काम सुरू. स्मृती ६४ किलोबाइट. यंत्र चालू करताच निळ्या पडद्यावर ३८,९११ बाइट मोकळे असल्याची सूचना उमटे. प्रस्तुत लेखाची युनिकोडमधली साधी फाइलदेखील त्यातली निम्मी जागा व्यापील, यावरून त्या जागेच्या आकाराची कल्पना यावी. या यंत्राच्या विक्रीचे अंदाज सव्वा कोटी ते एक कोटी सत्तर लाख यांच्या दरम्यान आहेत. एप्रिल १९९४ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले आणि उत्पादन थांबले.

व्यापाराच्या हिशेबाने गोष्ट इथेच संपली. प्रत्यक्षात मात्र या यंत्रासाठी नवी निर्मिती होतच राहिली. ‘सॅम्स जर्नी’ हा केवळ कमोडोरसाठी रचलेला खेळ २०१७ साली प्रसिद्ध झाला, तोही फ्लॉपी आणि कार्ट्रिज या जुन्याच रूपांत. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चे उदाहरण तर आपल्या दृष्टीने फारच बोलके आहे. जॉर्डन मेकनर यांनी हा खेळ ॲपल २ या संगणकासाठी लिहिला व तो १९८९ मध्ये आला. कमोडोर ६४ वर तो त्या काळी आलाच नाही. २०११ साली एका हौशी जाणकाराने तो त्यावर उतरवला. त्या वेळी मेकनर यांच्या हाताखालची मूळ संहिता हरवलेली होती. त्यामुळे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांवरूनच त्याला लेखकाचा विचार उलगडत जावे लागले. पुढच्याच वर्षी मेकनर यांच्या वडिलांना घरात एक खोके सापडले आणि त्यातल्या जुन्या फ्लॉप्यांमधून ती संहिता बाहेर आली. लेखकाचे हस्तलिखित हाताशी नसताना उपलब्ध प्रतीवरून पाठ उभा करायचा, हे काम आपल्याला अपरिचित नाही.

या समुदायाचा उगम पाहिला तर साम्य अधिकच जाणवते. ऐंशीच्या दशकात खेळांच्या फ्लॉप्यांना नक्कल-प्रतिबंधक कुलपे असत. युरोपातली शाळकरी मुले टोळ्या करून ती कुलपे तोडत, प्रती वाटत आणि प्रत्येक प्रतीच्या आरंभी आपले एक छोटे चलच्चित्र जोडत. त्यात टोळीचे नाव, मित्रटोळ्यांना नमस्कार, शत्रूंना टोमणे असा मजकूर सरकत जाई. पोथीच्या अखेरीस लेखनिकाने आपले नाव, गाव, शक आणि वाचकाला केलेली विनंती लिहून ठेवावी, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की आपली पुष्पिका शेवटी येते आणि यांची आधी. पुढे या पुष्पिकाच मोठ्या झाल्या, खेळापासून सुटल्या आणि ‘डेमो’ नावाचा स्वतंत्र रचनाप्रकार जन्मला : चित्र, संगीत आणि गती यांची, यंत्राच्या मर्यादेत बसवलेली रचना. अनेक प्रकारच्या यंत्रांवर फुललेल्या या डेमो-संस्कृतीची नोंद फिनलंडने २०२० मध्ये, तर जर्मनी व पोलंड यांनी २०२१ मध्ये आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत केली. कुलपे तोडण्यातून आलेली गोष्ट वारसा ठरायला चाळीसेक वर्षे पुरली.

पाठाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रसंग संगीताचा आहे. कमोडोरमध्ये ‘सिड’ नावाची ध्वनीची चिप होती. रॉबर्ट यानेस यांनी घडवलेल्या या चिपमध्ये एका वेळी तीनच स्वर वाजू शकत. रॉब हबर्ड, मार्टिन गॉलवे यांच्यासारख्या रचनाकारांनी या तीन स्वरांत आश्चर्य वाटावे असे काम केले. चिपच्या पहिल्या आवृत्तीत एक दोष होता : आवाजाची पातळी बदलली की ‘टक्’ असा बारीक ध्वनी येई. रचनाकारांनी ती पातळी सेकंदाला हजारो वेळा बदलून त्या टकटकीतूनच चौथा स्वर काढला. तबल्याचा ठोका, माणसाचे बोलणे त्यातून ऐकवले. पुढच्या आवृत्तीत अभियंत्यांनी हा दोष काढून टाकला, आणि आधीच्या रचनांमधला चौथा स्वर जवळजवळ ऐकू येईनासा झाला. यंत्र सुधारले व पाठ बिघडला.

संस्कृत व्याकरणकारांनी ऋषींच्या तोंडच्या अनियमित रूपांना ‘आर्ष प्रयोग’ म्हणून मान्यता दिली, त्यामागचे शहाणपण हेच होते. जुन्या ग्रंथांचे ‘शुद्धीकरण’ करून छापणाऱ्या संपादकांना ते नेहमीच उमगले असे म्हणता येत नाही. ज्ञानेश्वरीचे किंवा गाथेचे पाठ शिकवताना आपण हा प्रश्न वर्गात मांडतोच. कमोडोरच्या हौशी मंडळींनी तो हातांनी सोडवला. एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राचे नव्या संगणकावर अनुकरण करणारी आज्ञावली, तयार करताना त्यांनी दोषांचेही अनुकरण केले. ‘व्हाइस’ या मुक्त एम्युलेटरमध्ये सिडची जुनी आवृत्ती हवी की नवी, हे ऐकणाऱ्याला निवडता येते. फ्लॉपी चालवणाऱ्या जोडयंत्रात स्वतःचा वेगळा प्रोसेसर होता आणि पुष्कळ कुलपे त्याच्या स्वभावावर बेतलेली होती. म्हणून त्या जोडयंत्राचेही बारकाईने अनुकरण करावे लागले. सिडच्या संगीताचा जो संग्रह या मंडळींनी केला, त्यात पन्नास हजारांहून अधिक रचना आहेत. कोणती रचना कुणाची, कोणती कशावरून घेतलेली, रचनाकाराचे तिच्याविषयी काय म्हणणे, याच्या टिपाही त्यासोबत आहेत. चिकित्सक आवृत्तीच्या तळटीपा याहून वेगळ्या काय असतात?

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की हे गतकातर मध्यमवयीनांचे बालपण कवटाळणे आहे. काही अंशी ते खरे आहे. पण केवळ स्मरणरंजनाने हजारो तास यंत्राच्या आकड्यांशी झुंजता येत नाही. शिवाय स्मरणरंजनाला नव्या रचनेची गरज नसते, आणि इथे नवी रचना होते आहे. दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो अधिक गंभीर आहे. त्या प्रतींमुळे अनेक लेखकांचे हक्काचे उत्पन्न बुडाले, हे विसरता येणार नाही. तरीही ज्या कृतीचा मालक दिवाळखोर झाला किंवा जिला विचारणारे कुणी उरले नाही, ती कृती केवळ हक्काच्या नावाखाली कुजू द्यावी, हे आम्हांला मान्य नाही. तिसरा आक्षेप आमचाच आहे. प्रेमाने जपणारा माणूस प्रेमाचीच वस्तू जपतो. खेळ आणि संगीत यांची निगराणी उत्तम झाली. त्याच यंत्रावर कुणी दुकानाचा जमाखर्च लिहिला, कुणी शाळेची हजेरी ठेवली, त्याकडे तितके लक्ष गेले नाही. भक्तांनी जपलेल्या वाङ्मयाबाबत आपलाही अनुभव असाच आहे. म्हणून हौशी मंडळींच्या जोडीला संस्था हव्यातच.

आता हा विषय मराठीशी कुठे येऊन भिडतो, ते सांगतो. १९९० च्या दशकापासून युनिकोड रुळेपर्यंत मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत टंकलिखित होत असे. दिवाळी अंक, नियतकालिके, कवितासंग्रह, एम. फिल. आणि पीएच. डी.चे प्रबंध, सारेच. प्रत्येक फाँटाचा संकेत वेगळा. तो फाँट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की रोमन अक्षरे व चिन्हे यांचा निरर्थक गोळा दिसतो. काही स्वयंसेवकांनी परिवर्तक आज्ञावल्या तयार केल्या आहेत व त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण जोडाक्षरे आणि रफार यांपाशी रूपांतर अडखळते, आणि मग ओळ न् ओळ तपासणारा माणूस लागतो. छापील पुस्तक हाती असले तर निभावते. जे छापलेच गेले नाही, त्याचे काय?

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल प्रसिद्ध केली आणि प्राचीन मराठी गद्याचे दालन अभ्यासकांना खुले झाले. परंतु राजवाड्यांच्या हाती पोथ्या आल्या, त्या पंथाने सहा-सातशे वर्षे नकला करीत त्या जिवंत ठेवल्या म्हणून. आपण नकळत पुन्हा एकदा सांकेतिक लिपीत लिहून बसलो आहोत. या खेपेस तिची किल्ली जपणारा पंथ मात्र नाही.

कमोडोरच्या मंडळींनी मालकाची, अनुदानाची किंवा मान्यतेची वाट पाहिली नाही. २०२५ मध्ये तर कमोडोर हे नावच या वर्तुळातल्या एका गटाने विकत घेतले. आपल्याला इतके काही करायचे नाही. विभागातल्या कपाटांतल्या फ्लॉप्या आणि सीडी बाहेर काढाव्यात, त्यांची जशीच्या तशी प्रत घ्यावी, मजकूर कोणत्या फाँटात आहे ते नोंदवावे, आणि एम. ए.च्या एखाद्या विद्यार्थ्याला असा एक पाठ सिद्ध करण्याचे काम प्रकल्प म्हणून द्यावे. मूळ फाइल रूपांतरानंतरही फेकू नये. तिच्यातल्या चुकांवरूनच पुढचा संपादक काही ओळखील. चुंबकीय माध्यमाचे आयुष्य फार नसते, आणि ते फाँट हाताळलेली अक्षरजुळणी करणारी माणसेही आता निवृत्त होत आहेत. त्यांना विचारायचे असेल, तर ते आताच विचारले पाहिजे.