उणिवा कोणाच्या लिहिता?

पहाटेच्या चर्चगेट लोकलने विरारहून जाणाऱ्याला एक दृश्य नित्याचे झाले आहे. दाराजवळ, स्वतःच्या उंचीएवढी क्रिकेटची बॅग कवटाळून दहा-बारा वर्षांचा एखादा मुलगा उभ्या उभ्या डुलक्या घेत असतो. शेजारी त्याचा बाप. एका हाताने मुलाला सावरतो आणि दुसऱ्या हाताने बॅगेला. बोरिवली येईतो त्या बॅगेपायी एखादे भांडण झालेलेच असते. मैदानावर पोचेपर्यंत मुलाची झोप मोडलेली असते आणि अंगातले निम्मे बळ खर्ची पडलेले असते. मग तो पॅड बांधून उभा राहतो. चार-सहा चेंडू त्याच्या वाट्याला येतात. सावलीत बसलेले पारखी कागदावर लिहितात : पायांची हालचाल मंद, उसळत्या चेंडूला बिचकतो, अंगकाठी किरकोळ. झाली पारख.

या पारख्यांच्या सचोटीविषयी आम्हाला शंका नाही. त्यांतले पुष्कळसे स्वतः खेळलेले आणि खेळावर जीव लावणारे आहेत. आमचा आक्षेप त्या कागदावर आहे. त्या कागदावर मुलाच्या नावापुढे ज्या उणिवा लिहिल्या जातात, त्यांतल्या किती त्याच्या स्वतःच्या असतात? आणि किती त्याच्या गावाच्या, त्याच्या जेवणाच्या ताटाच्या, त्याच्या बापाच्या पगाराच्या?

पक्षाच्या मुखपत्रात क्रिकेटचे काय काम, असे कोणी कार्यकर्ता विचारील. पाणी, घरे, लोकलची गर्दी हे प्रश्न संपले काय? संपले नाहीत. परंतु आठ तासांच्या कामासाठी जगभरचे कामगार लढले, तेव्हा उरलेल्या वेळेतल्या विश्रांतीवर आणि करमणुकीवरही त्यांनी हक्क सांगितला होता. खेळ हा त्या हक्काचा भाग आहे. शिवाय आज खेळ हा बाजारही झाला आहे. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण-हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. २०२४ च्या नोव्हेंबरातल्या लिलावात तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीवर १ कोटी १० लाखांची बोली लागली. जेथे तेरा वर्षांच्या मुलाचा भाव ठरतो, तेथे मूल्यमापनाची फूटपट्टी कोणाच्या हाती आहे हे विचारणे समाजवाद्यांचे कामच आहे.

आता कागदावरच्या उणिवा एकेक करून पाहू.

पहिली : ‘सरळ बॅटने खेळत नाही, पुढचा पाय बाजूला काढतो.’ वसई, नालासोपारा, विरारची बहुतेक मुले क्रिकेट शिकतात ती टेनिसच्या चेंडूवर. इमारतींमधल्या गल्लीत किंवा उडालेल्या मातीच्या पटांगणावर. टेनिसचा चेंडू फार उसळतो, शिवणीवर वळत नाही आणि अंगाला लागला तर दुखत नाही. गल्लीत सरळ फटक्याला जागा नसते. अशा ठिकाणी पाय काढून आडव्या बॅटने भिरकावणे हीच शहाणी फलंदाजी ठरते. मुलगा त्याच्या मैदानाने शिकवले ते बिनचूक शिकला आहे. त्याला हिरवळीच्या खेळपट्टीवर, कातडी चेंडूवर एक हंगाम द्या आणि मग त्याच्या तंत्राविषयी बोला. पाटा आणि चेंडू न देताच तंत्राची उणीव लिहिणे म्हणजे ज्याला पुस्तक दिले नाही त्याला नापास करणे होय.

दुसरी उणीव : ‘अंगकाठी लहान.’ या बाबतीत वसईच्या वाचकाने थोडा वेळ थेट कॅनडाकडे पाहावे, कारण हे कोडे प्रथम तेथे उलगडले. तेथील आइस हॉकी हा बर्फावरचा धसमुसळा खेळ आणि मुलांची निवड फार लहान वयात. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडल्या गेलेल्या कुमार खेळाडूंच्या जन्मतारखा मांडून पाहिल्या. वर्षाच्या आरंभी जन्मलेल्यांची गर्दी आणि अखेरीस जन्मलेल्यांचा दुष्काळ, असे चित्र निघाले. कारण साधे होते. वयोगटाची रेषा १ जानेवारीला ओढलेली. जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच गटातल्या डिसेंबरच्या मुलाहून जवळजवळ वर्षाने मोठा. तो थोराड दिसला, निवडला गेला, त्याला अधिक बर्फ आणि अधिक शिक्षक मिळाले आणि मग तो खरोखरच सरस झाला. पारख्यांनी वय पाहिले होते आणि लिहिले मात्र ‘गुणवत्ता’. त्याच खेळातल्या व्यावसायिक संघांनी पावेल दात्स्युक या किरकोळ बांध्याच्या रशियन मुलाला १९९८ च्या निवडीत १७१ वे स्थान दिले. पुढे दोन वेळा स्टॅन्ली करंडक जिंकणाऱ्या संघांत तो होता.

आपल्याकडे रेषा सप्टेंबरला ओढतात, एवढाच फरक. आणि आपल्याकडे तर याहून चमत्कारिक गोष्ट आहे. सोळा वर्षांखालील मुलांची खोटी वये पकडण्यासाठी क्रिकेट मंडळ २०१२ पासून मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय काढते. चोरी पकडण्यास ही तपासणी योग्यच. परंतु जे चित्र ‘हा मुलगा सांगतो त्याहून मोठा आहे’ असे सांगू शकते, तेच ‘हा मुलगा अजून वाढायचा आहे, थांबा’ असेही सांगू शकते. पहिला उपयोग नियम म्हणून होतो; दुसरा करावा असे कोणाला सुचत नाही. यंत्र तेच आणि चित्रही तेच, पण त्याने गुन्हा शोधायचा आणि न्याय शोधायचा नाही!

आणि आपल्या पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडे जाऊ लागलो की ‘अंगकाठी’ हा शब्द उच्चारण्याचीच लाज वाटावी. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. कुपोषणाचा तो प्रश्न जव्हार-मोखाड्यातून आजही हटलेला नाही. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी मुलांची चाचणी होते, तीत उंची मोजतात, वजन करतात, मेडिसिन बॉल फेकायला लावतात, आठशे मीटर पळवतात. मोजण्यास आमची हरकत नाही. पण मोजपट्टी लावण्याआधी मुलाच्या पोटात काय गेले याची नोंद जो करीत नाही, तो उंची मुलाची मोजतो आणि मापे सरकारची घेतो.

तिसरी उणीव : ‘मोठी धावसंख्या नाही.’ आकड्यांची ही भक्ती किती फसवी आहे, हे २०१६ च्या जानेवारीत कल्याणला दिसले. रिक्षाचालकाचा मुलगा प्रणव धनावडे याने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. जगभर नाव झाले, शिष्यवृत्ती मिळाली. प्रतिपक्षात बरीचशी कोवळी मुले होती आणि सीमारेषा जवळ होती, हे मागाहून बोलले गेले. मुलाचा यात काही दोष नव्हता. समोर आलेला चेंडू मारणे हे त्याचे काम. परंतु त्या आकड्याचे ओझे पंधरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर ठेवून सगळे पुढच्या हजाराची वाट पाहत बसले आणि दुसऱ्याच वर्षी शिष्यवृत्ती थांबवावी असे त्याच्या वडिलांना लिहावे लागले. धावा मोजल्या गेल्या. मुलाचे बलस्थान कोणते आणि त्याला पुढे काय हवे, हे पाहण्यास मात्र कोणाला सवड झाली नाही.

आता प्रतिपक्षाचे हुकमी उत्तर येईल : खरी गुणवत्ता वाट काढतेच, तुमच्या विरारचाच पृथ्वी शॉ पाहा! अवश्य पाहू. आई लहानपणीच गेलेली. वडिलांनी धंद्याकडे पाठ फिरवून मुलामागे फिरणे पत्करले. विरारहून वांद्र्यापर्यंतचा प्रवास रोजचा. २०१३ च्या नोव्हेंबरात आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या सामन्यात त्याने ५४६ धावा केल्या त्या वांद्र्याच्या शाळेकडून. २०१८ मध्ये १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघाचा तो कर्णधार आणि त्याच वर्षी कसोटी पदार्पणात शतक. आणि २०२४ च्या त्या लिलावात, तेरा वर्षांच्या मुलावर कोटीची बोली लागली तेथेच, पंचविशीतल्या या फलंदाजावर एकही बोली लागली नाही. त्याच्या चुकांची चर्चा क्रीडापाने पुरेशी करतात. आम्ही एवढेच विचारतो : एका मुलासाठी बापाने उदरनिर्वाह सोडावा लागतो, ही व्यवस्थेची यशोगाथा की तिच्यावरचा आरोप? ज्या बापाला धंदा सोडणे परवडले नाही, त्याचा मुलगा तुमच्या कोणत्या यादीत आहे?

खरी पारख कशी असते, याचे उदाहरणही आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. पालघरजवळच्या माहीम गावचा शार्दूल ठाकूर. बोरिवलीच्या शाळेतले प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला हेरले, तेव्हा त्याची मुख्य उणीव त्यांना गोलंदाजीत दिसली नाही; ती रेल्वेच्या वेळापत्रकात दिसली. येण्याजाण्यात दिवस संपणाऱ्या मुलाला त्यांनी स्वतःच्या घरी राहायला ठेवले. पुढे २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या ऐतिहासिक विजयात याच मुलाने ६७ धावा केल्या आणि सात बळी घेतले. याच लाडांनी १९९९ मध्ये ऑफस्पिन टाकणाऱ्या एका मुलाला शाळेत आणले, घरची ऐपत नाही म्हणून फी माफ करून घेतली आणि एके दिवशी त्याची बॅट पाहून त्याला खालच्या क्रमांकावरून सलामीला पाठवले. तो रोहित शर्मा. बलस्थान ओळखायचे, उणिवेचे मूळ शोधायचे आणि ते मूळ उपटायला स्वतः हात लावायचा, यालाच पारख म्हणतात.

अशी पारख संस्थेच्या पातळीवरही होऊ शकते. २००२ मध्ये क्रिकेट मंडळाने गुणशोधाची एक योजना आखली. मकरंद वायंगणकरांची ती कल्पना. दिलीप वेंगसरकर तिचे प्रमुख. जुने खेळाडू लहान गावांच्या मैदानांवर धाडले गेले. २००३ मध्ये प्रकाश पोद्दार यांनी जमशेदपूरला रेल्वेत नोकरी करणारा एक तरुण पाहिला. फटक्यात ताकद आहे, यष्टिरक्षणाचे तंत्र कच्चे आहे, त्यावर मेहनत घेतली तर उपयोगी पडेल, असा अहवाल त्यांनी दिला. वयाची अट ओलांडलेली असतानाही महेंद्रसिंग धोनीसाठी दार उघडले. असे फळ देणारी ही योजना काही वर्षांतच बंद पडली. तिची जागा आता फ्रँचायझींच्या स्काउटांनी घेतली आहे. ते तयार माल शोधतात. कच्च्या उणिवेवर मेहनत घेणे त्यांच्या हिशेबात बसत नाही, आणि व्यापाऱ्याकडून आम्ही ती अपेक्षाही करीत नाही. अपेक्षा आहे ती सार्वजनिक संस्थांकडून.

लाडांसारखी माणसे थोर खरीच. पण बारा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या, २०११ च्या जनगणनेनंतर आणखी फुगलेल्या आमच्या शहरातल्या मुलांनी, एखाद्या सज्जनाच्या घरी जागा रिकामी होण्याची वाट पाहत बसायचे काय? दयेवर मिळते ते हक्क नव्हे. मुलींचे तर विचारूच नका. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वकरंडक जिंकला, तेव्हा वसईतही फटाके वाजले. पण पहाटेच्या त्या लोकलमध्ये मुलीला एकटी धाडण्याचे धैर्य किती घरांत आहे? जवळ मैदान नसणे ही मुलाची अडचण असते. मुलीच्या बाबतीत तो शेवटच असतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. चाचणी दिलेल्या प्रत्येक मुलाला मराठीत लेखी अहवाल मिळाला पाहिजे : बलस्थाने कोणती, उणिवा कोणत्या, त्यांवर उपाय काय. त्या अहवालात जन्ममहिना, प्रवासाचे अंतर आणि सरावाची खेळपट्टी यांची नोंद असली पाहिजे. वगळलेल्या मुलाला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणे सक्तीचे असावे. चाचणी विनाशुल्क व्हावी आणि वर्षातून एकदा तरी वसई तालुक्यात व्हावी. महापालिकेने प्रत्येक प्रभागात खुले मैदान आणि शहरात सार्वजनिक हिरवळीच्या खेळपट्ट्या द्याव्यात.

मैदाने आहेत कोठे, असे अधिकारी विचारतील. तेच आम्हाला त्यांना विचारायचे आहे. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशाने २०२५ मध्ये त्या पाडल्या गेल्या आणि बांधणाऱ्यांच्या पापाची शिक्षा राहणाऱ्यांनी भोगली. सांडपाण्याच्या जागेची जर ही गत, तर मुलांच्या मैदानासाठी राखलेल्या भूखंडांची काय झाली असेल?

कार्यकर्त्यांनी येथूनच आरंभ करावा. माहिती अधिकाराखाली आपापल्या प्रभागातल्या क्रीडांगणाच्या आरक्षणांची यादी मागावी. यादी हाती येताच मुलांना आणि पालकांना बरोबर घेऊन प्रत्येक भूखंडावर जावे आणि तेथे आज काय उभे आहे ते लिहून काढावे. सावलीत बसून मुलांच्या उणिवा पुष्कळांनी लिहिल्या. आता मुलांनी उन्हात उभे राहून या शहराच्या उणिवा लिहाव्यात, आणि तो कागद महापालिकेच्या दारावर नेऊन लावावा.